तरुण रुग्णांना ओपीडीत अमली पदार्थांबद्दल विचारावे का, आणि विचारल्यावर पुढे काय करावे?

प्रश्न: एक सामान्य वैद्यकीय व्यावसायिक, सातारा जिल्हा

तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. औद्योगिक वसाहत आणि महाविद्यालये जवळ असल्यामुळे अठरा ते पंचवीस वयाची मुले-मुली मोठ्या संख्येने येतात. तक्रारी नेहमीच्याच असतात: झोप लागत नाही, छातीत धडधडते, भूक मंदावली आहे, वजन उतरले आहे, मोटारसायकलवरून पडून लागले आहे. यांपैकी काहींच्या मागे गांजा, ‘एमडी’ (मेफेड्रोन हा उत्तेजक पदार्थ) किंवा झोपेच्या गोळ्या असतात, हे अलीकडे वारंवार लक्षात येऊ लागले आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या काही मुलांचा रक्तदाब आणि नाडी पाहून मेफेंटरमाइन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांची शंका येते.

तंबाखू आणि दारूबद्दल मी सवयीने विचारतो आणि रुग्णही मोकळेपणाने सांगतात. अमली पदार्थांचा विषय मात्र रुग्णाने स्वतः काढल्याशिवाय निघत नाही. सरसकट सगळ्यांना विचारावे, की लक्षणे दिसतील त्यांनाच? विचारण्याची खात्रीची पद्धत कोणती? पाच-दहा मिनिटांच्या बोलण्याने खरोखर काही साधते का? अमेरिकेतील काही मोठ्या अभ्यासांत अशा संक्षिप्त समुपदेशनाचा काहीही उपयोग दिसला नाही, असे मी वाचले आहे. आणि रुग्णाने सेवन मान्य केले, तर ते केस पेपरवर लिहिल्याने तो कायद्याच्या अडचणीत येईल का, हीही काळजी आहे. या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: मनोविकारतज्ज्ञ, नाशिक

डॉक्टरसाहेब, सरसकट विचारावे असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण व्यवहाराचे आहे. आपण ‘संशयित’ निवडून विचारू लागलो की लांब केस, कानात बाळी, विशिष्ट वस्ती, विशिष्ट आडनाव यांवरून निवड होऊ लागते. नीटनेटका, पहिल्या बाकावरचा विद्यार्थी परीक्षेच्या आधी कोणत्या गोळ्या घेतो ते कळत नाही आणि ज्याला विचारले तो दुखावतो. “या वयाच्या प्रत्येकाला मी हे विचारतो” हे वाक्य खरे असेल तरच ते म्हणता येते, आणि ते म्हणता आले की निम्मा संकोच तिथेच ओसरतो.

सुरुवात एका प्रश्नाने करावी. “गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा नशेचा एखादा पदार्थ घेतला, किंवा एखादे औषध आजारासाठी न घेता त्याच्या गुंगीसाठी अथवा तरतरीसाठी घेतले?” अशा धाटणीच्या एकाच प्रश्नाची बोस्टनमधील प्राथमिक आरोग्यसेवेत पडताळणी झाली असून तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. २८६ रुग्णांच्या त्या अभ्यासात अमली पदार्थांचा विकार असलेला एकही रुग्ण या प्रश्नातून सुटला नव्हता. विकार नसलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक मात्र जाळ्यात आले. म्हणून ‘एकदाही नाही’ हे उत्तर आले तर पुढे जावे, आणि एकदा जरी घेतल्याचे कळले तरी पुढची प्रश्नावली काढावी. ‘घेता का?’ असे न विचारता ‘किती वेळा?’ असे विचारण्यात अर्थ आहे. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे फार सोपे असते.

पुढच्या टप्प्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ प्रश्नावली आपल्याकडे सर्वांत सोयीची आहे. तिच्यात आठ प्रश्न आहेत. आयुष्यात कधी घेतले, गेल्या तीन महिन्यांत किती वेळा, तीव्र इच्छा होते का, तब्येत, पैसा, घर किंवा पोलीस यांपैकी कशात अडचण आली, नेहमीची कामे राहून गेली का, जवळच्या कोणी काळजी व्यक्त केली का, कमी करण्याचा प्रयत्न फसला का आणि टोचून घेतले का, हे ती क्रमाने विचारते. प्रत्येक पदार्थाचे गुण वेगळे मोजले जातात. अमली पदार्थांसाठी ० ते ३ म्हणजे कमी धोका, ४ ते २६ म्हणजे मध्यम आणि २७ किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र धोका. दारूसाठी मध्यम धोका ११ पासून सुरू होतो. प्रश्नावली तंबाखूपासून सुरू होते, तो क्रम बदलू नये. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळूनच ओढला जातो, त्यामुळे सिगारेटबद्दल बोलता बोलता “त्यात कधी दुसरे काही भरता का?” हा प्रश्न सहज येतो.

स्थानिक नावे मात्र तुम्हाला माहीत हवीत. ‘बेंझोडायझेपीन (झोपेच्या गोळ्यांचा एक गट) घेता का?’ याला कोणीही नाही म्हणेल. ‘बटन’ किंवा मालेगावकडची ‘कुत्ता गोळी’ म्हटले की समजते. ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन. २०१५ साली ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले, पण त्याआधीच मुंबईत ते पसरले होते आणि तरुणांच्या मनात त्याची ‘गर्दसारखे घाण नाही’ अशी प्रतिमा आजही आहे. खोकल्याचे कोडीनयुक्त औषध, ट्रॅमॅडोल, पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर आणि व्यायामशाळेतील इंजेक्शने यांची नावे घेऊनच विचारावे, कारण यांपैकी कशालाच बरेच जण ‘ड्रग्ज’ म्हणत नाहीत.

आता संक्षिप्त समुपदेशनाबद्दल. ते मध्यम धोक्याच्या रुग्णांसाठी आहे, ही मर्यादा प्रथम लक्षात घ्यावी. त्यात उपदेश करायचा नसतो. आधी परवानगी घ्यावी: “तुम्ही जे सांगितले त्यावर दोन मिनिटे बोलू का?” मग गुण दाखवावेत आणि त्यांचा त्याच्या आजच्या तक्रारीशी संबंध जोडावा: “तुम्ही झोपेसाठी आलात. गांजा घेतल्यावर झोप लवकर लागते हे खरे आहे. पण रोज घेणाऱ्याला तो नसेल त्या रात्री झोप येत नाही, आणि तुमचे तेच झालेले दिसते.” त्यानंतर त्याला त्यात काय आवडते आणि काय नको वाटते, हे त्याच्याच तोंडून येऊ द्यावे. “कमी करावे असे शून्य ते दहामध्ये किती वाटते?” या प्रश्नाला तो ‘तीन’ म्हणाला, तर ‘तीनच का?’ असे विचारू नये. “शून्य का नाही?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने तो आपल्या सवयीची बाजू मांडू लागतो, तर दुसऱ्याने बदलाची कारणे स्वतः सांगू लागतो. शेवटी निर्णय त्याचाच आहे हे मोकळेपणाने मान्य करून दोन-तीन पर्याय समोर ठेवावेत आणि पुढची तारीख द्यावी. यात आवाज, चेहरा आणि घाई नसणे यांचा वाटा शब्दांपेक्षा मोठा असतो.

ज्या रुग्णांना केवळ बोलून परत पाठवणे धोक्याचे आहे, त्यांच्याबद्दल ठामपणे लिहितो. गर्द (हेरॉइन) किंवा इतर अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असलेल्याला ‘मनाचा निश्चय करून सोड’ असे सांगू नये. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि मग पूर्वीचीच मात्रा जीवघेणी ठरू शकते. त्याला ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखे औषधोपचार लागतात आणि ते जिथे मिळतात तिथपर्यंत त्याला पोहोचवणे, हे आपले काम आहे. रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला त्या एकदम बंद करायला लावल्या तर झटके येऊ शकतात. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. संशय, भास, न झोपता जाणारे दिवस किंवा आत्महत्येचा विचार दिसला, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. टोचून घेणाऱ्याची एचआयव्ही आणि कावीळ ‘ब’ व ‘क’ यांची तपासणी करावी. ‘क’ काविळीचे औषध २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळते आणि बहुतेक रुग्ण त्याने पूर्ण बरे होतात, हे त्याला आवर्जून सांगावे.

उत्तर २: सामाजिक वैद्यकशास्त्राचे अध्यापक, पुणे

मूळ प्रश्नातील पुराव्याच्या मुद्द्यावर लिहितो, कारण या कामाचे समर्थक आणि टीकाकार दोघेही निम्मेच अभ्यास सांगतात.

तुम्ही वाचलेले अभ्यास बहुधा ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एकत्रच आलेले दोन अभ्यास असावेत. बोस्टनमधील ५२८ रुग्णांत दहा-पंधरा मिनिटांचे समुपदेशन, त्याहून दीर्घ असे समुपदेशन आणि काहीच नाही अशा तीन गटांची तुलना झाली आणि सहा महिन्यांनी फरक आढळला नाही. वॉशिंग्टन राज्यातील ८६८ रुग्णांच्या अभ्यासातही तेच झाले. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले होते आणि त्यांचे निष्कर्ष नाकारण्यासारखे नाहीत.

आता दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘असिस्ट’वर आधारित अभ्यास ऑस्ट्रेलिया, ब्राझील, भारत आणि अमेरिका या चार देशांत झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम धोक्याच्या ७३१ व्यक्ती होत्या. तीन महिन्यांनी एकत्रित गुण समुपदेशन घेतलेल्या गटात अधिक उतरले. देशवार पाहता अमेरिकेत हा परिणाम दिसला नाही, भारतात मात्र गांजा आणि अफूजन्य पदार्थ या दोन्हींसाठी तो ठळक होता. पुढे २०१५ साली लॉस एंजेलिसच्या ३३४ रुग्णांच्या अभ्यासातही सेवन कमी झालेले दिसले. तिथे डॉक्टरांनी स्वतः तीन-चार मिनिटे सल्ला दिला होता आणि नंतर फोनवरून पाठपुरावा झाला होता.

या सगळ्याचा माझ्या समजुतीप्रमाणे अर्थ असा, की ज्या रुग्णांच्या आयुष्यात बेघरपणा, मानसिक आजार, अनेक पदार्थांचे सेवन आणि जुने अवलंबित्व एकवटलेले आहे, त्यांच्यावर दहा मिनिटांचे बोलणे पुरे पडत नाही. ज्या तरुणाला आजवर कोणत्याही डॉक्टराने हा विषय काढून विचारलेच नाही, जो अजून कामावर किंवा महाविद्यालयात जातो आणि ज्याचे सेवन मध्यम धोक्याचे आहे, त्याच्यावर परिणाम होण्याची शक्यता अधिक आहे. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे. पण आपल्या ओपीडीत येणारे बहुसंख्य तरुण दुसऱ्या वर्गातलेच असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेल्यांची संख्या ३.१ कोटी आहे आणि त्यापायी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७२ लाख. उरलेल्यांपैकी फार थोडे जण कधी व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढतील. ताप, खोकला किंवा जखम घेऊन ते तुमच्याकडेच येणार.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदल या तज्ज्ञ मंडळाने जून २०२० मध्ये अठरा वर्षांवरील सर्वांना हे प्रश्न विचारण्याची शिफारस केली. निदान आणि उपचार उपलब्ध असतील किंवा रुग्णाला तिथे पाठवता येत असेल, अशी अट तिला जोडलेली आहे. बारा ते सतरा वयोगटासाठी पुरावा अपुरा असल्याचे त्याच दलाने म्हटले. तेव्हा तुमच्या तालुक्यातून रुग्ण कुठे पाठवता येईल, हे विचारायला सुरुवात करण्याआधी ठरवून ठेवावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कोणत्या दिवशी कोणत्या रुग्णालयात येते, जवळच्या सरकारी रुग्णालयात व्यसनोपचाराची सोय आहे का, ब्युप्रेनॉर्फिन कुठे मिळते, हे एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्याची ‘टेलिमानस’ १४४१६ हे क्रमांकही त्यावर असावेत.

आपल्या शेजारचा एक अभ्यास या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर तो झाला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. समुपदेशन करणारे लोक व्यावसायिक तज्ज्ञ नव्हते. त्या समाजातल्याच व्यक्तींना प्रशिक्षण दिले होते. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातील ३६ टक्के पुरुष घातक पातळीच्या खाली आले, तुलनेच्या गटात २६ टक्के. हा अभ्यास दारूबद्दल आहे आणि त्यात चारपर्यंत बैठका होत्या, म्हणून तो तसाच्या तसा गांजाला किंवा ‘एमडी’ला लावता येणार नाही. पण मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणीही नीट शिकवलेली माणसे हे काम करू शकतात, एवढे त्यातून निश्चित दिसते.

उत्तर ३: समुपदेशक, ग्रामीण रुग्णालय, मराठवाडा

मी मैत्री क्लिनिकमध्ये (किशोरवयीनांसाठीच्या सल्ला केंद्रात) आणि ओपीडीत काम करते. वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. परंतु प्रत्यक्षात अडते ते जागेपाशी. आमच्याकडे एका रुग्णाची तपासणी चालू असताना पुढचे चार जण टेबलाभोवती उभे असतात आणि तरुण रुग्णाबरोबर आई, काका किंवा मोठा भाऊ असतोच. अशा वेळी विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर येत नाही, आणि ते नकारार्थी उत्तर कागदावर गेले की पुन्हा कोणी विचारत नाही. म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब घेण्याचे काम आम्ही आतल्या खोलीत नेले. “एका वेळी एकालाच आत घेतो” हा नियम सर्वांना सारखा लागू केल्यामुळे नातेवाईक रागावत नाहीत आणि तेवढ्या वेळात प्रश्न विचारून होतात.

गुप्ततेची हमी देताना तिची मर्यादाही त्याच वाक्यात सांगावी. “तुम्ही सांगाल ते मी घरी सांगणार नाही, तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तरच मला बोलावे लागेल आणि तेही आधी तुम्हाला सांगून,” असे मी म्हणते. नुसते ‘कोणालाही सांगणार नाही’ म्हणून नंतर शब्द मोडला, तर तो मुलगा पुन्हा येत नाहीच, त्याचे मित्रही येत नाहीत.

मुलींबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहिते. त्यांना हा प्रश्न विचारणेच अनेकांना अशोभनीय वाटते, म्हणून त्या सर्वांत उशिरा सापडतात. घरात कोणासाठी तरी आणलेल्या झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या मुली स्वतः घेऊ लागतात आणि ते बाहेर कोणालाच दिसत नाही. त्यांच्या बाबतीत घरातील मारहाण आणि नात्यातील जबरदस्ती यांचीही हळुवार चौकशी व्हावी, कारण गोळी हे पुष्कळदा त्या दुःखावर सापडलेले औषध असते.

पाठपुराव्यासाठी फोन करणार असाल तर कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी आणि दुसऱ्याने उचलल्यास काय सांगायचे, हे रुग्णाबरोबर आधी ठरवावे.

उत्तर ४: औषध विक्रेता, धुळे

अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, ट्रॅमॅडोल, कोडीन ही औषधे औषध नियमांच्या ‘एच-१’ परिशिष्टात आहेत. त्यांची विक्री वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. डॉक्टरांना विनंती आहे की चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या आणि दिवस अक्षरांतही लिहावेत; ‘१०’च्या पुढे शून्य वाढवलेल्या चिठ्ठ्या आमच्यापुढे येतात. तीच चिठ्ठी घेऊन एखादा तरुण पुन्हा पुन्हा आला आणि आम्ही कळवले, तर त्याला हाकलून न देता बोलावून घेणारा डॉक्टर असेल तर आम्हालाही फोन करावासा वाटतो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी अजून अस्पष्ट आहेत. कायद्याच्या मुद्द्यावर कोणी लिहिले नाही. आणि पालक येऊन ‘त्याला न सांगता लघवी तपासा’ अशी मागणी करतात, तेव्हा काय करावे?

उत्तर ५: मनोविकारतज्ज्ञ, नाशिक

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन हा कलम २७ खालचा गुन्हा आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी अथवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत आणि कलम २३ ने रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क दिला आहे. तेव्हा नोंद करावी, पण ती वैद्यकीय भाषेत आणि गरजेपुरती असावी. पदार्थ, वारंवारता, गुण, दिलेला सल्ला आणि पुढची तारीख एवढे पुरे. माल कुठून आणला, कोणाबरोबर घेतला, हे उपचाराला लागत नाही; ते विचारू नये आणि लिहूही नये. त्याने नोकरीसाठी तंदुरुस्तीचा दाखला मागितला, तर तो वेगळा विषय आहे हे त्याला आधीच सांगावे.

लघवीच्या तपासणीबद्दल: सज्ञान व्यक्तीची तपासणी तिच्या संमतीशिवाय करू नये. पालकांना हे पटवायला तांत्रिक बाजूही उपयोगी पडते. रोज गांजा घेणाऱ्याची लघवी तपासणारी पट्टी त्याने गांजा बंद केल्यावरही कित्येक आठवडे सकारात्मक येऊ शकते, म्हणजे ज्याने खरोखर सोडले तो खोटा ठरतो. आणि बाजारातल्या नेहमीच्या पट्ट्यांवर मेफेड्रोन भरवशाने सापडत नाही, म्हणजे ‘एमडी’ घेणारा निर्दोष ठरतो. चोरून केलेली तपासणी मुलाला कळतेच आणि त्यानंतर तो घरी किंवा दवाखान्यात खरे बोलत नाही. पूर्वी उल्लेखलेल्या अमेरिकेच्या शिफारशीतही स्क्रीनिंग म्हणजे प्रश्न विचारणे, रक्त-लघवी तपासणे नव्हे, असेच म्हटले आहे.

आईवडिलांना मात्र रिकाम्या हाताने परत पाठवू नये. त्यांना वेगळी वेळ द्यावी, त्यांनी काय पाहिले ते ऐकून घ्यावे, पैसे आणि औषधे कुलपात ठेवायला सांगावे, झटका, बेशुद्धी किंवा मंदावलेला श्वास दिसल्यास लगेच १०८ ला बोलावण्यास सांगावे. आणि “डॉक्टरांनी तपासणीसाठी बोलावले आहे” एवढाच निरोप मुलाला देण्याची विनंती करावी. तो आला की वजन आणि रक्तदाबापासून सुरुवात करावी आणि आईशी बोलणे झाले आहे, हे त्याच्यापासून लपवू नये.